माळ्यावर सापडलेली जुनी बेस गिटार: साल कसं ओळखायचं, किंमत कशी धरायची (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

"काकांच्या घराच्या माळ्यावर एक बेस सापडली आहे. फेंडर लिहिलंय. किती येतील?" असा निरोप मला महिन्यातून एखादा तरी येतो. यात नवल नाही. साठ-सत्तरच्या दशकांत मुंबईत हॉटेलांमधले बँड होते, लग्नांची आणि नाताळची डान्सची कामं होती, सिनेमाची रेकॉर्डिंग होती. त्या काळात परदेशी वाद्य मिळवायचं म्हणजे बोटीवर नोकरीला असलेला भाऊ किंवा परदेशी निघालेला एखादा वादक गाठावा लागे. आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांतला टोनी वाझ यांचा बेस आजही लोक कान देऊन ऐकतात. त्या पिढीतली वाद्यं आता वांद्र्याच्या, वसईच्या, मडगावच्या घरांतून बाहेर पडू लागली आहेत. मी गिटारदुरुस्ती करतो, दलाली करत नाही. तीच तीच उत्तरं लिहून हात दुखायला लागला म्हणून हे एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. सर्वात जास्त विचारणा फेंडर या अमेरिकन कंपनीच्या बेसची होते, त्यामुळे उत्तरंही तिकडेच झुकलेली आहेत.

बेस हातात आली आहे. आधी काय करू?

काही करू नका, आणि हे मी गंमतीने म्हणत नाही. ओल्या फडक्याने पुसू नका, थिनर लावू नका, गंजलेले स्क्रू "छान चकचकीत" करून आणू नका. जुन्या गिटारीवरचा चकाकीचा थर, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर, थिनर लागताच विरघळतो. कोरड्या मऊ कापडाने वरची धूळ झटका, तारा जरा सैल करा आणि फोटो काढा.

मग केस नीट तपासा. आतल्या खणात पट्टा, किल्ली, जुनं बिल, क्वचित एखाद्या कार्यक्रमाचं पत्रक सापडतं. दोन क्रोमची झाकणं मिळाली तर जपून ठेवा. त्यांतलं एक पिकअपवर (तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकावर) बसायचं, दुसरं ब्रिजवर (बॉडीवर तारा टेकतात त्या भागावर). वाजवताना हात अडतो म्हणून बहुतेकांनी ती पहिल्याच आठवड्यात काढली, आणि ब्रिजवरच्या झाकणाचा तर खरोखरच ॲशट्रे केला. इंग्रजीत त्याला तेच नाव पडलं आहे. मूळ झाकणं असली की किंमत वाढते.

सीरियल नंबर पाठवतो. साल सांगाल का?

साधारण सांगता येईल, नेमकं नाही. या बाबतीत सर्वात कच्चा साक्षीदार म्हणजे सीरियल नंबर.

फेंडरच्या कारखान्यात, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या फुलरटनमध्ये, नंबर ठोकलेल्या प्लेटा डब्यात पडलेल्या असत. हाताला येईल ती प्लेट नेकमागे, म्हणजे गिटारीची लांब मान बॉडीला जोडते तिथे मागून, बसायची. वरच्या प्लेटा आधी गेल्या, तळाच्या कितीतरी नंतर. शिवाय प्लेट चार स्क्रूंनी धरलेली असते. ती एका गिटारची काढून दुसरीला लावायला पाच मिनिटं पुरतात.

तरी ढोबळ अंदाज असा. अगदी सुरुवातीच्या बेसवर नंबर ब्रिजवर असे, पुढे तो नेकमागच्या प्लेटवर आला. 'एल' अक्षराने सुरू होणारे नंबर १९६३ ते १९६५ मधले. प्लेटवर मोठा 'एफ' कोरलेला असेल तर १९६५ नंतरची, १९७६ पर्यंतची. १९७६ पासून नंबर हेडस्टॉकवर, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकावर, गेला. तिथे 'एस' म्हणजे सत्तरचं दशक, 'ई' म्हणजे ऐंशीचं आणि 'एन' म्हणजे नव्वदचं. पुढचा आकडा त्या दशकातलं साल सांगतो. इथेही फसगत आहेच, कारण आगाऊ छापलेले स्टिकर संपेपर्यंत वापरले जात. 'एस ९' लिहिलेल्या गिटारी १९८१ मध्येही निघाल्या आहेत.

मग खरी तारीख कुठे असते?

नेकच्या टाचेवर, म्हणजे बॉडीत बसणाऱ्या टोकावर. फेंडरचा नेक बॉडीला चिकटवलेला नसतो, स्क्रूंनी धरलेला असतो. तो काढला की टाचेच्या टोकाला तारीख दिसते. साधारण १९६२ च्या सुरुवातीपर्यंत ती पेन्सिलने लिहिलेली असे, त्यानंतर १९७३ पर्यंत शाईच्या शिक्क्याने.

हा शिक्का वाचताना दहातले आठ जण चुकतात. समजा शिक्का आहे '७ मार ६५ ए'. लोक वाचतात, ७ मार्च १९६५. तसं नाही. सुरुवातीचा ७ हा मॉडेलचा आकडा आहे, त्या काळी जॅझ बेसचा. फेंडरचं दुसरं मॉडेल प्रिसिजन, तिचा ५ असे. मग महिना, मग साल. शेवटचं अक्षर नटपाशी (हेडस्टॉकजवळ तारा टेकतात त्या पट्टीपाशी) नेक किती रुंद आहे ते सांगतं: 'ए' म्हणजे दीड इंच, 'बी' एक पूर्णांक पाच अष्टमांश, 'सी' पावणेदोन. म्हणजे शिक्क्यात दिवस नाहीच. 'सात मार्चला जन्मलेली' म्हणून एकाने आपल्या बेसचा वाढदिवस साजरा केला होता, त्याला मी हे अजून सांगितलेलं नाही.

नेक काढायचा तर तारा पूर्ण सैल करा, खाली मऊ टॉवेल घाला आणि स्क्रूच्या खाचेत घट्ट बसेल असाच स्क्रूड्रायव्हर घ्या. स्क्रूड्रायव्हर घसरला की खाच गोल होते, आणि गोल झालेल्या खाचेकडे पाहून घेणारा विचारतो, "किती वेळा उघडली आहे?" स्क्रू वाटीत ठेवा. बॉडीत नेक बसतो त्या खाचेत कागदाचा किंवा पुठ्ठ्याचा तुकडा सापडला तर कचरा समजून फेकू नका, तो नेकचा कोन साधण्यासाठी मुद्दाम घातलेला असतो. हात बसलेला नसेल तर हे काम दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या, पण समोर बसून.

शिक्का काय सांगतो तेही समजून घ्या. ती नेक तयार झाल्याची तारीख. त्यानंतर नेक काही महिने मांडणीवर पडून राहिलेली असू शकते.

नॉबखालचे आकडे म्हणजे काय?

नॉबच्या खाली जो व्हॉल्यूम किंवा टोनचा पॉट असतो, त्याच्या पत्र्यावर सहा-सात आकडे ठोकलेले असतात. पहिले तीन बनवणाऱ्याचे: ३०४ म्हणजे स्टॅकपोल, १३७ म्हणजे सीटीएस, १३४ म्हणजे सेंट्रालॅब. पुढे साल, शेवटचे दोन आकडे आठवड्याचे. १३७६६३४ असेल तर सीटीएसचा पॉट, १९६६ चा चौतिसावा आठवडा. पन्नासच्या दशकात सालाला एकच आकडा असे. ३०४७३१ म्हणजे स्टॅकपोल, १९५७, एकतिसावा आठवडा.

पॉट सांगतो ते इतकंच: बेस याच्या आधीची नाही. नंतरची कितीही असू शकते. फेंडरने १९६६ मध्ये पॉटांचा एवढा साठा घेतला की ६६ चे पॉट पुढची दोन-तीन वर्षं गिटारींत बसत राहिले. ६६ चा पॉट पाहून "माझी ६६ ची" म्हणणाऱ्यांची बेस बऱ्याचदा ६८ ची निघते.

इथे माझा एक गुन्हा कबूल करतो. नव्वदच्या दशकात, कामाला नवा असताना, एका जुन्या प्रिसिजनचे पॉट खरखर करत होते. मी दोन्ही काढले, नवे बसवले आणि जुने भंगाराच्या डब्यात टाकले. मालक खूश झाले. वीस वर्षांनी त्यांच्या मुलाने तीच बेस विकायला काढली, आणि घेणाऱ्याने पहिलाच प्रश्न विचारला, "पॉट कुठे आहेत?" ती खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरच्या दोन फवाऱ्यांत गेली असती. आता काढलेला वॉशरसुद्धा मी पाकिटात घालून केसमध्ये ठेवतो.

नेक ६४ ची, पॉट ६३ चे, प्लेट ६५ ची. म्हणजे बनावट?

उलट, हे चित्र निरोगी आहे. कारखान्यात सुटे भाग वेगवेगळ्या दिवशी बनत आणि नंतर जोडले जात. साल ठरतं ते सर्वात नंतरच्या मूळ भागावरून. संशय घ्यायचा तो वर्षांचं अंतर मोठं असेल तेव्हा, किंवा पिकअपजवळचं सोल्डर नव्यासारखं चमकत असेल तेव्हा. हात न लागलेलं सोल्डर करडं, मंद दिसतं, आणि साठच्या दशकातली वायर बहुधा कापडी वेष्टनाची असते.

काहीही न उघडता, नुसतं बघून काय कळतं?

पुष्कळ कळतं.

प्रिसिजन बेस १९५१ मध्ये आली. सुरुवातीची सपाट फळीसारखी, कडा धारदार, एकच साधा पिकअप. १९५४ मध्ये बॉडीला पोटाला आणि हाताला बसतील असे उतार आले. १९५७ मध्ये दोन तुकड्यांचा पिकअप आणि मोठं हेडस्टॉक आलं. आज आपण प्रिसिजन म्हणून ओळखतो ते हेच रूप. १९५९ च्या मध्यापर्यंत फिंगरबोर्ड मेपलचा, नेकच्याच लाकडाचा. त्यानंतर गडद रोजवूड. १९६२ च्या मध्यापर्यंत रोजवूडची पट्टी खालून सपाट आणि जाड, नंतर खालून गोलाई घेतलेली आणि पातळ. नेकच्या टाचेकडून पाहिलं की हा फरक ताबडतोब दिसतो. संग्राहक 'स्लॅब बोर्ड'साठी वेडे होतात ते यासाठीच.

जॅझ बेस १९६० ची. पहिल्या दोन वर्षांत एकावर एक बसवलेले दुहेरी नॉब, १९६२ मध्ये तीन सुटे नॉब. १९६५-६६ च्या सुमारास नेकच्या कडेला पांढरी पट्टी आली आणि १९६६ मध्ये गोल ठिपक्यांच्या जागी चौकोनी तुकडे. सत्तरच्या दशकाच्या मध्याला जॅझच्या नेकला चाराऐवजी तीन स्क्रू आले. प्रिसिजनला मात्र चारच राहिले. तीन स्क्रूंची प्रिसिजन कोणी दाखवली तर चहा पिऊन परत या.

सगळं ६२ सारखं दिसतंय, पण नवीन वाटते.

बहुधा 'रीइश्यू' आहे. १९८२ पासून फेंडर स्वतःच जुन्या मॉडेलांच्या प्रतिकृती काढते. अमेरिकेतल्यांच्या प्लेटवरचा नंबर 'व्ही'ने सुरू होतो. त्याच वर्षी फेंडर जपान सुरू झाली आणि तिच्या पहिल्या गिटारी फुजीगेन गाक्की या जपानी कारखान्याने बनवल्या. त्यांचा नंबर 'जेव्ही'ने सुरू होतो. यात नाराज होण्यासारखं काही नाही. माझ्या टेबलावर आलेल्या जेव्ही बेस कारागिरीत सत्तरच्या दशकातल्या कितीतरी अमेरिकन बेसपेक्षा सरस होत्या, आणि बाजारालाही ते आता कळलं आहे.

फेंडर नाही. मग?

रिकनबॅकरइतका सज्जन नंबर कुणाचा नाही. १९६१ ते १९८६ पर्यंत जॅकच्या (वायर खोचायच्या भोकाच्या) पट्टीवर दोन अक्षरं असतात: पहिलं सालाचं, दुसरं महिन्याचं. ए म्हणजे १९६१, बी म्हणजे १९६२, असं झेडपर्यंत. 'एम सी' म्हणजे मार्च १९७३. त्यांच्या ४००१ या मॉडेलची नेक बॉडीतून आरपार गेलेली असते, ती काढायला जाऊ नका.

जुन्या आयबानेझवर अक्षर महिन्याचं आणि पुढचे दोन आकडे सालाचे. 'एच ७८' म्हणजे ऑगस्ट १९७८. अशी बेस विकताना 'लॉसूट' हा शब्द हमखास ऐकू येईल. गिब्सनच्या मालक कंपनीने १९७७ मध्ये आयबानेझच्या अमेरिकेतल्या वितरकाविरुद्ध हेडस्टॉकच्या आकारावरून दावा लावला होता, गोष्ट तेवढीच. आज कुठल्याही जपानी नकलेला ते लेबल चिकटवून भाव वाढवतात.

गिब्सनचे साठच्या दशकातले नंबर पुन्हा पुन्हा वापरले गेले आहेत, त्यामुळे तिथे पॉट आणि बाकीच्या खुणांवरच भिस्त. १९७७ पासूनच्या आठ आकड्यांत पहिला आणि पाचवा मिळून साल, मधले तीन वर्षातला कितवा दिवस ते सांगतात.

मागे कोलकात्याचं लेबल आहे.

मग ती आपल्याकडचीच. गिवसन, हॉबनर या नावांच्या गिटारींवर इथल्या दोन पिढ्या शिकल्या. जागतिक बाजारात त्यांना भाव नाही. विकू नका, तारा बदला आणि वाजवा.

रंग मूळचा आहे की नंतर मारलेला, कसं ओळखू?

सर्वाधिक पैसा इथेच कमी-जास्त होतो, म्हणून सावकाश पाहा. पिकगार्ड (बॉडीवरची प्लॅस्टिकची पातळ पट्टी) उचलून खाली पाहा, नेकच्या खाचेत पाहा, पिकअपच्या खड्ड्यात पाहा. साधारण १९६४ पर्यंत फेंडरमध्ये बॉडीला बारीक खिळे ठोकून, त्यांवर ती टेकवून रंग मारत आणि वाळवत. नंतर खिळे उपटून टाकत. म्हणून मूळ रंगाच्या बॉडीवर पिकगार्डखाली खिळ्यांची भोकं सापडतात आणि भोकांच्या आत रंग गेलेला नसतो, कोरं लाकूड दिसतं. भोकात रंग उतरलेला असेल तर नंतर कुणीतरी ब्रश किंवा स्प्रे चालवला आहे.

सनबर्स्ट (मध्ये पिवळसर, कडेला गडद होत जाणारा) सोडून वेगळा रंग, म्हणजे लेक प्लॅसिड ब्लू, फिएस्टा रेड, ऑलिंपिक व्हाइट वगैरे, हा त्या काळी पाच टक्के जादा देऊन मिळायचा. आज त्याचे कितीतरी पट जादा मिळतात, आणि म्हणूनच खोटे रंगही तेवढेच फिरतात. ऑलिंपिक व्हाइट पिवळा पडून साईच्या रंगाचा झालेला असतो. तो तसाच असायला हवा. साठच्या दशकाच्या अखेरीस जाड पॉलिएस्टर आलं. तिथे रंग झिजत नाही, काचेसारखा टवका उडतो.

आता किंमत सांगा.

थेट आकडा मी फोटोवरून देत नाही, पण हिशोब कसा चालतो ते सांगतो.

पहिली रेघ जानेवारी १९६५ ची. त्या महिन्यात लिओ फेंडर यांनी कंपनी अमेरिकेतल्या सीबीएस या प्रसारण कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली. त्याआधीची, सगळं मूळचं असलेली जॅझ किंवा प्रिसिजन आज पाच आकडी डॉलरमध्ये जाते. १९६० मध्ये नव्या जॅझची छापील किंमत २७९ डॉलर ५० सेंट होती. सत्तरच्या दशकातली चार आकडी. जेव्ही चार आकड्यांच्या पहिल्या पायऱ्यांवर.

मग वजावट. रंग बदललेला असेल तर किंमत साधारण निम्मी धरा. नवीन पिकअपसाठी किंवा बॅटरीसाठी लाकूड कोरलेलं असेल तर त्याहून वाईट. आपल्याकडे ऐंशी-नव्वदच्या दशकात स्लॅपची (अंगठ्याने तारा ठोकून वाजवण्याची) हौस आली तेव्हा अनेकांनी प्रिसिजनला ब्रिजजवळ दुसरा पिकअप बसवला. आवाज छान झाला, बेस मात्र बाजारातून उठली. फ्रेट (फिंगरबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बदललेले असतील तर वादकाला चालतं, संग्राहक तोंड वाकडं करतो. खुंट्या बदलल्या असतील आणि नवी भोकं पाडलेली नसतील तर मूळच्या शोधून बसवता येतात.

काही गोष्टी मात्र कुठल्याच यादीत नीट बसत नाहीत. नेकचा बाक सरळ करणारी आतली सळई फिरते का? जुन्या फेंडरमध्ये तिचं टोक टाचेकडे असतं, नेक काढल्याशिवाय हात पोचत नाही, म्हणून कुणी तपासतच नाही. सळई अडकली असेल आणि नेक वाकलेली असेल तर सुंदर बेससुद्धा भिंतीवरचं चित्र होते. तसंच वजन. सत्तरच्या दशकातल्या ॲश लाकडाच्या काही बेस साडेचार-पाच किलोच्या. तीन तासांच्या वाद्यवृंदात खांद्याला कळतं, आणि गिऱ्हाईक एकदा गळ्यात अडकवून बघतंच.

मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत गोंधळू नका. इंटरनेटवर दिसते ती मागणी. सौदा झालेला आकडा वेगळा शोधावा लागतो. दुकानदार घेणार असेल तर त्यातून त्याचा नफा आणि थांबण्याचा काळ वजा जातो. भारतात या किंमतीचे गिऱ्हाईक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे घाई असेल तर डॉलरचा भाव विसरा.

आधी दुरुस्त करून, मग विकू का?

नाही. घेणाऱ्याचा स्वतःचा दुरुस्तीवाला असतो.

बेस चोरीची असेल तर?

विचारायला लाज वाटू देऊ नका. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांची १९६१ ची हॉफनर बेस १९७२ मध्ये लंडनच्या नॉटिंग हिल भागात उभ्या केलेल्या व्हॅनमधून गेली आणि परत मिळाल्याचं जाहीर झालं ते २०२४ मध्ये. सापडली एका घराच्या माळ्यावर. अमेरिकन बेसवादक जाको पास्टोरियस यांची १९६२ ची जॅझ बेस १९८६ मध्ये न्यूयॉर्कमधून गेली होती, तीही वीसेक वर्षांनी उगवली. बेस कुणाकडून आली, साधारण कधी आली, कुणी कुठे वाजवली, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारून लिहून काढा. हातात धरलेला एक जुना फोटो असेल तर दुधात साखर. पण "अमुक सिनेमात वाजली आहे" हे फोटोशिवाय सांगू नका, त्याचा एक रुपयाही वाढवून मिळत नाही.

परदेशात विकता येईल का?

येईल, पण फिंगरबोर्ड आड येतो. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत फेंडर ब्राझीलचं रोजवूड वापरत असे. ते लाकूड १९९२ पासून साइटीस (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय) कराराच्या पहिल्या, सर्वात कडक यादीत आहे. परवाना नसेल तर सीमेवर वाद्य अडकतं. त्यानंतर वापरलेलं इंडियन रोजवूड म्हणजे आपला शिसव. आपल्या दक्षिणेतल्या जंगलातलं लाकूड कॅलिफोर्नियाला जाऊन, नेक होऊन, वसईच्या माळ्यावर परत आलं, असंही घडलेलं आहे. शिसवही २०१७ मध्ये दुसऱ्या यादीत गेला होता. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. कासवाच्या पाठीसारखं दिसणारं पिकगार्ड मात्र सेल्युलॉइडचं असतं, कासवाचा त्याच्याशी संबंध नाही. कस्टमच्या माणसाला हे समजावून सांगायची तयारी ठेवा.

विकायची नाही. पावसाळ्यात कशी ठेवू?

बंद केसमध्ये चार महिने अजिबात नको. आतलं अस्तर ओल धरतं, बुरशी येते आणि स्क्रू गंजतात. आठवड्यातून एकदा काढा, वाजवा, तारा पुसा. केसमध्ये सिलिका जेलची पुडी ठेवा आणि ती बदलत राहा. स्वस्त स्टँडचं रबर नायट्रो लॅकरला चिकटून त्याला खातं, म्हणून मध्ये सुती कापड गुंडाळा. ब्रिजच्या झाकणाखालचा स्पंज चिकट होऊन वितळला असेल तर तेवढा मात्र काढून टाकायला माझी हरकत नाही.

तुम्हाला कुठले फोटो पाठवू?

पुढून पूर्ण, मागून पूर्ण, हेडस्टॉक दोन्ही बाजूंनी, नेकमागची प्लेट, ब्रिज. उघडून घेतली असेल तर टाचेवरचा शिक्का, नेकची खाच आणि पॉटांचे पत्रे. फ्लॅश बंद ठेवा, खिडकीजवळ सकाळच्या उजेडात काढा. पेन्सिलची तारीख फ्लॅशमध्ये पूर्ण नाहीशी होते. ती अंधुक असेल तर वरून गिरवू नका. एकाने बॉलपेनने गिरवून पाठवली होती.